दोन मॅन्युअलची सरासरी काढून रायफलची काडतुसं भरू नका

शूटिंगवाल्या ओळखीच्यांमध्ये सध्या एक मराठी मेसेज फिरतोय, "रीलोडिंगचं खरं गुपित" म्हणून. रीलोडिंग म्हणजे काडतुसाच्या वापरलेल्या केसमध्ये (बाहेरच्या पितळी नळीत) नवा प्रायमर (बुडातली, पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि बुलेट घालून ते परत भरणं. बालेवाडीच्या रेंजवर दोघा-तिघांनी दाखवला तेव्हा सोडून दिलं होतं. पण माझा भाचा टेक्सासला असतो, तिथे तो नुकताच .३०८ रायफलची काडतुसं स्वतः भरायला लागलाय, आणि परवा त्यानेच हा मेसेज पाठवून विचारलं, "मामा, असं केलं तर चालेल ना?" नाही चालणार!

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दोन मॅन्युअलमधले (कुठल्या बुलेटला किती पावडर याचे तक्ते देणाऱ्या पुस्तकांमधले) आकडे जुळत नसतील तर सरासरी घ्या. पावडरचा नंबर सारखा असला की कंपनी कुठलीही चालते. कंपन्या कोर्टकचेरीच्या भीतीने आकडे कमी छापतात. प्रायमर चपटा होत नाही, म्हणजे दाब वाढल्याची खूण दिसत नाही, तोवर काळजी नाही. आणि धाकधूक वाटली तर पावडर हवी तेवढी कमी करा.

सगळ्यात भयंकर आहे ते नंबरचं. "४८३१ म्हणजे ४८३१" असं चक्क लिहिलंय! अरे बाबांनो, दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी २० मिमी तोफेची उरलेली लष्करी पावडर घेऊन रीलोडिंगवाल्यांना विकायला काढली, ती ४८३१. पुढे १९७० च्या दशकात ड्युपाँटची आयएमआर ४८३१ आली, नंबर तोच पण ही हॉजडनच्या एच४८३१ पेक्षा लवकर जळते, म्हणजे एच४८३१ च्या तक्त्यातला शेवटचा आकडा बघून कुणी आयएमआर भरली तर तेवढ्याच वजनात दाब मर्यादेच्या पार जाऊ शकतो. २००३ मध्ये हॉजडनने आयएमआर कंपनीच विकत घेतली, दोन्ही पावडरी एका मालकाकडे आल्या, तरी तक्ते वेगळेच राहिले, ते काय उगीच? ४८३१ सारखंच ४३५० चं, आयएमआरची वेगळी, हॉजडनची वेगळी, ॲक्युरेटची वेगळी. डब्यावरचं अख्खं नाव वाचायचं, नुसता नंबर नाही.

आणि दाब म्हणजे किती ते तरी बघा. अमेरिकेत काडतुसांची प्रमाणं सामी ही संस्था ठरवते, तिच्या मानकात .३०८ विंचेस्टरची कमाल मर्यादा आहे ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड दाब). घरातला कुकर साधारण १५ पीएसआयला शिट्टी देतो. म्हणजे चार हजार पटीच्या वर, आणि तेही तुमच्या गालापासून काही इंचांवर.

आता सरासरी. दोन मॅन्युअलचे आकडे वेगळे येतात कारण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी तपासलेल्या असतात: बुलेट वेगळ्या मेकची, केस वेगळी, प्रायमर वेगळा, बॅरल वेगळं, पावडरचा लॉटसुद्धा वेगळा. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. त्यांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तो कुठल्याच लॅबमध्ये कुणी फायर केलेला नसतो. भाच्याला मी सांगितलं, तुझ्याकडे जी बुलेट आहे तिच्याच कंपनीचं मॅन्युअल उघड, दुसरं पण बघ, दोन्हीतला जो सुरुवातीचा आकडा खालचा असेल तिथून सुरू कर, आणि थोडं थोडं वर जा. केस, प्रायमर, पावडरचा लॉट, काहीही बदललं की परत खालपासून.

वकिलांवाल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. ८ मिमी माउझरला सामीची मर्यादा फक्त ३५,००० पीएसआय आहे आणि युरोपात त्याच काडतुसाला ५६,००० च्या वर चालतं. पण ते जुन्या, अरुंद बोअरच्या (नळीच्या आतल्या भोकाच्या) रायफली अजून लोकांकडे आहेत म्हणून. त्यावरून .३०८ चे आकडे पण मुद्दाम कमी ठेवलेत असं धरायचं, हा कुठला न्याय?

प्रायमरचं एका वाक्यात, प्रायमरचे धातूचे कप मऊ-कडक असतात, त्यामुळे दाब जास्त असूनही प्रायमर गोल दिसू शकतो, आणि बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा दांडा) उचलायला जड जायला लागला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला तर तुम्ही मर्यादा आधीच ओलांडलेली असते. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावा. मॅन्युअलमधल्या कमाल लोडचा वेग तुम्हाला कमी पावडरमध्येच मिळाला तर तिथेच थांबायचं, "अजून दोन ग्रेन (पावडर मोजायचं वजन) शिल्लक आहेत" म्हणायचं नाही.

"हवी तेवढी कमी करा" हेही चूक. सावकाश जळणारी पावडर मोठ्या केसमध्ये फारच कमी भरली तर दाब अचानक उसळू शकतो, म्हणून मॅन्युअलमध्ये खालचा आकडा पण दिलेला असतो आणि तोही पाळायचा असतो.

आणि पुण्यात बसून जे हे पुढे ढकलतायत त्यांच्यासाठी, आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे. मेसेजमध्ये त्याचा एका अक्षराने उल्लेख नाही.