चार वर्षांच्या थकीत रिटर्नबद्दल आलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आमच्या कर सल्ला कार्यालयाला एक तारा देताना आपण चार तक्रारी नोंदवल्या आहेत: चार वर्षांच्या थकीत आयकर रिटर्नसाठी दोन महिने लावले, करावर आणखी साठ टक्के उकळले, उशिरा भरणाऱ्या मित्राला मिळालेली विम्याची सूट पावत्या देऊनही आपल्याला दिली नाही आणि ज्या वर्षाचे पैसे परत मिळायचे होते नेमके तेच वर्ष भरले नाही. आपल्या उत्पन्नाचे तपशील चारचौघांत मांडणे आमच्या व्यवसायात बसत नाही, म्हणून खालील रकमा उदाहरणादाखल आहेत.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या सहकाऱ्याने पहिल्याच फोनवर "चारही वर्षे महिनाअखेर होतील, रिफंडही येईल" असे सांगून टाकले. कागद पाहण्याआधी असा शब्द द्यायला नको होता. शिवाय वाढीव कराचा हिशेब आम्ही आपल्याला चलन भरण्याच्या आदल्या संध्याकाळी पाठवला, तो निदान आठवडाभर आधी हाती पडायला हवा होता. या दोन्ही गोष्टींबद्दल मी दिलगीर आहे.

साठ टक्क्यांचे म्हणाल, तर तो पैसा आमच्याकडे आलेला नाही. चलन आपल्या पॅनवर, आपल्याच बँक खात्यातून भरले गेले आहे. विलंबित रिटर्न संबंधित कर निर्धारण वर्षाच्या (म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) ३१ डिसेंबरपर्यंतच भरता येते. आपण नोव्हेंबर २०२५ मध्ये आलात तेव्हा ही वाट फक्त आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी खुली होती, म्हणून ते आम्ही सर्वांत आधी हातावेगळे केले. त्यामागच्या वर्षांसाठी उरते ते अद्ययावत रिटर्न, म्हणजे कलम १३९(८अ), जे २०२२ च्या वित्त कायद्याने आले. त्याची मुदत पूर्वी कर निर्धारण वर्ष संपल्यापासून २४ महिने होती, ती १ एप्रिल २०२५ पासून ४८ महिने झाली. तसे झाले नसते तर आपले २०२१-२२ चे वर्ष भरताच आले नसते. मात्र जितका उशीर तितका भार जास्त: पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, पुढे ५०, मग ६० आणि शेवटच्या वर्षात ७०. ही टक्केवारी कर आणि व्याज यांच्या बेरजेवर लागते. समजा, दोन्ही मिळून २०,००० रुपये निघाले, तर २०२३-२४ साठी वर ५,००० आणि २०२१-२२ साठी १२,००० भरावे लागतात. विलंब शुल्क निराळेच. यात आम्हाला घासाघीस करायला जागा नाही.

रिफंडचे वर्ष २०२२-२३. त्या वर्षी आपला टीडीएस, म्हणजे उत्पन्नातून आधीच कापला जाणारा कर, देय करापेक्षा जास्त कापला गेला होता, आणि अद्ययावत रिटर्नमधून परतावा मागताच येत नाही. त्यासाठी कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार तो कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत करता येतो, म्हणजे आपल्याला ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. अर्ज मंजूर झाला तरी अशा उशिराच्या परताव्यावर व्याज मिळत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. फोनवर एक शब्द दिला होता, तेव्हा या अर्जाची फी आम्ही घेणार नाही.

विम्याच्या पावत्यांपैकी २०२१-२२ ची रक्कम आम्ही वजा धरलेली आहे. हिशेबाचे दुसरे पान कृपया पुन्हा पाहावे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात विम्याची ही सूट नाही, आणि पगारदाराला जुनी प्रणाली वेळेत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडता येते. आपल्या मित्राला उशिरा भरूनही ती सूट कशी मिळाली, हे त्यांचे रिटर्न पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

राहिले दोन महिने. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) एकाच मुदत ठेवीचे व्याज दोनदा दिसत होते आणि खरी रक्कम ठरवायला बंद केलेल्या खात्याचा उतारा हवा होता. आपण पाठवलेल्या पासबुकाच्या छायाचित्रात मार्चच्या तीन नोंदी अंगठ्याखाली झाकलेल्या होत्या. नवे छायाचित्र आम्ही तीनदा मागितले, ते एकोणीस दिवसांनी आले. अंदाजाने आकडा टाकून मोकळे होता आले असते. पण अद्ययावत रिटर्न एका वर्षासाठी एकदाच भरता येते, त्यात मागाहून दुरुस्ती नाही. दोन दिवसांत चार वर्षे उरकणारे कोणी असतीलही. आम्ही तसे करणार नाही, मग त्यासाठी आणखी एखादा तारा कमी झाला तरी चालेल.

माफीच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. उशिराचे कारण लिहिण्याची जागा तेवढी कोरी ठेवली आहे, कारण ते आपल्याच शब्दांत आणि पुराव्याच्या कागदांसह यायला हवे. ते पाठवलेत की अर्ज दाखल करण्याआधी संपूर्ण मसुदा आणि हिशेब आपल्याला वाचायला मिळेल, आणि या वेळी आदल्या संध्याकाळी नव्हे.