उपड्या बादलीवरचे निदान

पाण्याची मोटर बटण दाबल्यावर नुसती गुरगुरते आणि फिरत नाही, ही बातमी घरातल्यांच्या आधी शेजारच्या काकांना लागते, हे मला गेल्या आठवड्यात समजले. मी टेस्टर घेऊन वाकलो होतो, तोच ते येऊन उपड्या बादलीवर बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "लावा बरं एकदा."

मी लावली.

"हा 'हं' आहे," काका म्हणाले. "'खर्रर्र' असता तर बेअरिंग. 'हं' म्हणजे कंडेन्सर. पुन्हा लावा."

त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. सिंगल फेज मोटरला आपणहून फिरायला सुरुवात करता येत नाही. पहिला रेटा कपॅसिटरच्या, म्हणजे काकांच्या कंडेन्सरच्या, मदतीने मिळतो, आणि तो गेला की ती जागच्या जागी हुंकार भरत राहते. मी मेन स्विच बंद केला, जुना कपॅसिटर आधी डिस्चार्ज केला (वीज तोडल्यावरही तो झटका देऊ शकतो, हे सांगायचे मात्र काकांना सुचले नाही) आणि तितक्याच मायक्रोफॅरडचा नवा बसवला. मोटर पुन्हा म्हणाली, 'हं'.

"हा 'हं' वेगळा आहे," काकांनी मान तिरकी केली. "मघाचा छातीतून येत होता, हा पोटातून येतोय. जरा जास्त वेळ चालू ठेवा, म्हणजे नक्की सांगता येईल. मध्ये बोलू नका."

मी माझ्याच घरात, माझ्याच मोटरपाशी, बोललो नाही. वास्तविक वीज बंद करून मागचा पंखा हाताने फिरवून पाहणे, एवढेच काम होते. बरेच दिवस बंद राहिलेल्या पंपाचा शाफ्ट गंजून जाम होतो. जाम मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि फिरतच नसल्यामुळे तिचा पंखा तिला वाराही घालत नाही. आम्ही दोघे सुशिक्षित गृहस्थ तिच्या आवाजातील बारकावे टिपत असताना तिचे वाइंडिंग आतल्या आत भाजत होते. अखेर जळका वास आला, तेव्हा काका उठून, बादली सरळ करून म्हणाले, "वाइंडिंग गेलं. मला वाटलंच होतं."

वासाचे मला काही नाही, पण हे 'वाटलंच होतं' अजून घशाखाली उतरत नाही. असे वाटणारी माणसे वास येईपर्यंत ते कोणाला सांगत का नाहीत?

नवी मोटर मी एकट्याने बसवली. ती सुरेख फिरली, पण पाणी येईना. काका अर्धा तास भिंतीपलीकडून पाहत होते. शेवटी त्यांनी अतिशय मृदू आवाजात विचारले, "पंपात आधी पाणी भरलंत ना?" भरले नव्हते. आत हवा असेल तर असला पंप पाणी ओढत नाही, हे मला माहीत होते, आणि माहीत असूनही विसरलो, हे त्यांनाही दिसले.

पाणी चढल्यावर ते म्हणाले, "जुनी टाकणार असाल तर मला द्या. बिचारीचा नुसता शाफ्ट जाम होता, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

जुनी मोटर मी जिन्याखाली ठेवली आहे, कुलूप लावून.