द्राक्षं तुडवायचे पैसे

सासरवाडी निफाड तालुक्यात आहे म्हटलं की मुंबईतल्या लोकांना वाटतं, याच्या घरी बारा महिने द्राक्षांची पेटी येत असणार. पेटी येते ती मार्चमध्ये, आणि तिच्याबरोबर डाऊनी-भुरीसारखे वेलीचे रोग, अवकाळी पाऊस आणि पैसे बुडवून पळालेला व्यापारी यांच्यावरचं प्रवचनही येतं. यंदा मेव्हण्याने वेगळाच बेत काढला. "दाजी, शनिवार-रविवार मोकळा ठेवा. वाइन फेस्टिव्हलची तिकिटं काढलीत. नुसती वाइन आणि गाणी. आबांनाही नेऊ."

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना नेण्यातला धोका मेव्हण्याला कळायला हवा होता, कारण मुलगा तो आहे, मी फक्त जावई.

नाशिकच्या आसपास वायनऱ्या काही कमी नाहीत, त्यातल्याच एकीवर हा उत्सव होता. दारातच मनगटाला पट्टी बांधली. तिच्यात आधी पैसे भरायचे, मग आत हवं ते घ्यायचं, उरलेले पैसे परत मिळणार नाहीत. आबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "पैसे आधी, माल नंतर. यांना धंदा कळतो," ते म्हणाले. "आमचा माल आधी जातो, आणि पैसे कधीकधी जातच राहतात."

चाखायच्या टेबलावर काळा एप्रन घातलेला एक मुलगा होता. त्याने प्याल्यात दोन घोट सोव्हिन्यॉ ब्लाँ नावाची पांढरी वाइन ओतली आणि प्याला फिरवून वास घ्यायला सांगितलं. "पेरू येतोय? थोडं कापलेलं गवत? ढोबळी मिरची?" मी भक्तिभावाने मान डोलावली. मला फक्त सनस्क्रीनचा वास येत होता, तोही माझ्याच. आबांनी मात्र नाक प्याल्यात खुपसून विचारलं, "शेजारच्या बांधावर ढोबळी होती का?"

"नाही काका, हा द्राक्षाचाच स्वभाव."

"मग फवारणी तपासा."

पुढे शिराज आली. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची म्हणतात, पण ही रूम युरोपातल्या तळघरातली, सोळा-अठरा अंशांची. आमची रूम म्हणजे मार्चातल्या दुपारी पत्र्याचा मंडप. शिराज अगदी अंगणात विसरलेल्या चहासारखी लागली. पण आबा घोट घेऊन थांबले. "ही आपल्याकडे होती."

खरंच होती. 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, तेव्हा अनेकांसारखी आबांनीही वाइनची द्राक्षं लावली होती. बारीक मणी, जाड साल, आत बिया. आजेसासूबाईंनी ते घड पाहून आबांना बियाणेवाल्याने फसवलं असं जाहीर केलं होतं. पुढे वायनऱ्यांची मागणी पडली, अनेकांनी वेली उपटल्या, आबांनीही उपटून खायची, बिनबियांची थॉमसन लावली. हे सगळं ते एप्रनवाल्या मुलाला सांगत होते आणि मागे रांग वाढत होती. टेबलावर वाइन थुंकायचं एक भांडं होतं. भरलेले पैसे कोण थुंकणार, म्हणून ते कोरडं होतं. आबांनी तंबाखूची चंची काढली आणि भांड्याकडे बघून म्हणाले, "सोय मात्र चांगली केलीय." मेव्हण्याने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम होता. मोठी लाकडी पिंपं, त्यात घड, आणि घडांवर अनवाणी नाचणारी मुंबई-पुण्याची तरुण मंडळी. ज्या बागेत मण्यावर नखाचा ओरखडा दिसला तरी व्यापारी भाव पाडतो, तिथून आलेल्या माणसाने हे बघू नये. पण आबा दर विचारत होते, द्राक्षांचा नाही, तुडवण्याचा.

"आणि याची वाइन करता?"

"नाही काका, ही नुसती मजा."

त्यावर आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि ते गप्प असले की हिशेब चालू असतो हे सासूबाईंनी मला लग्नातच सांगून ठेवलंय.

संध्याकाळी गाणं सुरू झालं. दूरदेशीचा कुणी डीजे होता. तो एक बटण दाबायचा आणि दोन्ही हात वर करायचा. मला यातलं कळत नाही, पण बटण दाबायला एक हात पुरतो. लोक मोबाइल उंच धरून उभे. मग त्याने मध्येच नाशिक ढोल वाजवला आणि सगळं मैदान एकदम हललं. वडापावच्या गाडीवरचा माणूससुद्धा झारा घेऊन नाचला. हो, वडापाव होता, फक्त मेन्यूत त्याचं नाव स्लायडर होतं आणि भाव त्या नावाचा होता.

या गर्दीत आबा सापडेनात. शोधताशोधता मुख्य गायिकेचा कार्यक्रम बुडाला, जिच्यासाठी माझी बायको आली होती. आबा बागेत होते, दोरीच्या पलीकडे, प्रवेश बंदच्या पाटीखाली. सिक्युरिटीवाला त्यांच्यासमोर उकिडवा बसून पानावरची भुरी दाखवत होता. तो आमच्याच निफाड तालुक्यातल्या पिंपळगावचा निघाला.

परतताना गाडीत आबांनी योजना मांडली. एप्रिलमध्ये आपली खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची वेलींची छाटणी. मजूर मिळत नाही, मिळाला तर मागेल ते द्यावं लागतं. तर छाटणीचं तिकीट लावायचं. कात्री आपली, टोपी आपली, मनगटाला पट्टी. दुपारी पिठलं-भाकरी. गाण्याला ट्रॅक्टरवरचा टेप. "आणि जावईबापू, जाहिरातीत चाळीस डिग्री लिहू नका. लिहा, सोनेरी ऊन."

मी हसलो. पण सोमवारी ऑफिसात सहज विषय निघाला, तर एकाने पार्किंगचं विचारलं आणि दुसरीने, लवकर बुकिंग केलं तर सूट आहे का.