‘स्टार फॉरवर्डने मागे यायचं नाही’ म्हणे!

हॉकीवाल्या पालकांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ठाण्यातून ऐरोलीला, ऐरोलीतून नेरूळला आणि शेवटी माझ्या तेरा वर्षांच्या भाचीच्या मोबाइलवर. मथळा असा: ‘स्टार फॉरवर्डला डिफेन्स करायला लावणारा कोच टीमचा शत्रू’. ती सेंटर फॉरवर्ड खेळते. तिचा सरळ प्रश्न आला, “मावशी, मग चेंडू गेला की मी नुसती उभी राहू का?” मोठ्यांनी आपसात काहीही फॉरवर्ड करावं, पण मुलं खरं मानून तसं खेळायला लागली की गप्प बसवत नाही.

मेसेजमधल्या सगळ्या मुद्द्यांची लायकी सारखी नाही. त्यातल्या सर्वात अचाट मुद्द्यापासून सुरुवात करते.

‘पेनल्टी कॉर्नरला फॉरवर्डना मधल्या रेषेपलीकडे पाठवतात. म्हणजे नियमच सांगतो की फॉरवर्डने डिफेन्स करायचा नाही.’

हे लिहिणाऱ्याने नियम उघडून पाहिलेला नाही. पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांच्या फाउलबद्दल समोरच्यांना गोलच्या रेषेवरून, म्हणजे बॅकलाइनवरून, मिळणारी गोलची संधी) वाचवायला गोलकीपर धरून जास्तीत जास्त पाच जण बॅकलाइनच्या मागे थांबतात, बाकीचे मधल्या रेषेपलीकडे. ते पाच कोण, हे टीम ठरवते. नियमाच्या लेखी गोलकीपर वेगळा, बाकी सगळे नुसते खेळाडू. फॉरवर्ड (पुढचे), हाफ (मधले), फुलबॅक (मागचे) ही वाटणी आपली. पहिला रनर म्हणून, म्हणजे फटका मारणाऱ्यावर सगळ्यात आधी, धावायला निडर आणि पहिल्या तीन पावलांत वेग पकडणारा माणूस लागतो. तो तुमचा फॉरवर्ड असेल तर तोच जाईल. आणि मधल्या रेषेपलीकडचे सहा जण तिथे हवा खायला उभे नसतात. बॅकलाइनवरून चेंडू आत आला रे आला की तेही मागे पळत सुटतात. मैदान 91.40 मीटर लांब, म्हणजे अर्धं 45.70. त्यातून डीची, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाची, 14.63 मीटर त्रिज्या वजा केली की मधल्या रेषेपासून आपल्या डीच्या टोकापर्यंत 31 मीटर उरतात. पहिला फटका गोलीने पॅडवर घेतला आणि चेंडू डीबाहेर उडाला, तर तो कुणाला मिळणार हे त्या 31 मीटरच्या धावेवर ठरतं. ज्या नियमाचा दाखला दिलाय, तोच फॉरवर्डला सगळ्यात लांबची धाव घ्यायला लावतो.

‘फॉरवर्डचं काम गोल. डिफेन्स केला की गोल आटतात.’

मेसेजचा मूळ गाभा हाच. डिफेन्स म्हटलं की लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर स्वतःच्या गोलसमोर आडवा पडलेला माणूस येतो. पण फॉरवर्डचा डिफेन्स तिथे होतच नाही, तो समोरच्याच्या बॅकलाइनजवळ होतो. पुन्हा मीटरच मोजू. समोरच्यांच्या 23 च्या रेषेवर (बॅकलाइनपासून 22.90 मीटरवर) चेंडू हिसकावला तर त्यांच्या डीचं टोक 8 मीटरवर, 22.90 वजा 14.63. एक पुश, एक ट्रॅप (चेंडू स्टिकवर थांबवणं), फटका. आता फॉरवर्ड पुढे उभा राहून बघत बसला, समोरच्यांनी आरामात चेंडू वर आणला आणि तो आपल्या 23 वर आपल्या हाफने हिसकावला असं धरा. तिथून त्यांच्या डीच्या टोकापर्यंत जवळजवळ 54 मीटर आहेत, आणि मधे त्यांची झाडून सगळी टीम. मागे न येता, दमछाक न होता जे गोल मिळणार होते, ते यातले कुठले?

याला प्रेस म्हणतात: समोरच्यांना त्यांच्याच बाजूला दाबून चेंडू हिसकावणं, चेंडूमागे वेड्यासारखं धावणं नव्हे. एक प्रसंग घेऊ. आपला चेंडू त्यांच्या बॅकलाइनबाहेर गेला आणि त्यांना 15 मीटरवरून हिट मिळाली. चेंडू त्यांच्या उजव्या फुलबॅककडे, म्हणजे आपल्या डाव्या बाजूला. आपल्या सेंटर फॉरवर्डने त्याच्यावर नाकासमोर धावायचं नाही. तसं गेलं की फुलबॅक चेंडू एकदा बाजूला ओढतो आणि आपला माणूस त्याच्या पाठीमागे जातो. धाव मैदानाच्या मधून बाहेरच्या बाजूला, वळण घेत. शरीर आणि जमिनीला टेकलेली स्टिक त्या फुलबॅक आणि दुसऱ्या फुलबॅकच्या मधल्या वाटेवर. म्हणजे त्याला एकच दार उघडं राहतं, साइडलाइनचं. तिथे आपला डावा विंगर त्यांच्या हाफला चिकटून उभा नसतो. दोन पावलं आत राहतो, पास जाऊ देतो आणि चेंडू वाटेत असतानाच त्याच्यावर जातो. हाफने ट्रॅप करेपर्यंत विंगर थांबलेला हवा, पाय रुंद, गुडघे वाकलेले, स्टिक खाली. चेंडू धावत असताना आपण धावायचं, चेंडू थांबला की आपणही थांबायचं. साइडलाइन फुकटचा डिफेंडर होते. उजवा विंगर स्वतःचा माणूस सोडून मधे येतो आणि सेंटर हाफकडे जाणारी वाट बंद करतो. तो सोडलेला माणूस ओव्हरहेडने (डोक्यांवरून उचलून टाकलेल्या पासने) गाठला जाऊ शकतो, तो धोका पत्करायचा आणि मागच्या हाफने तिकडे नजर ठेवायची.

बिघडतं कुठे तेही सांगते, कारण दर सामन्यात तेच बिघडतं. पहिला जातो आणि दुसरा एक सेकंद उशिरा निघतो. तेवढ्यात पास होऊन जातो आणि पहिल्याची धाव वाया. दोघं एकाच माणसावर तुटून पडतात. स्टिक कमरेपाशी, म्हणजे पायाजवळून जाणारा पासही अडत नाही. आणि फ्री हिटच्या वेळी पाच मीटर न सोडता तीनवर उभं राहून लुडबुड. पंच हिट दहा मीटरपर्यंत पुढे नेतो, मूडमध्ये असला तर हिरवं कार्ड, म्हणजे दोन मिनिटं बाहेर. हे सगळं सरावाने सुटतं. मेसेजवाल्याने मात्र इलाज म्हणून प्रेसच रद्द केलाय.

पुराव्याला एकच सामना पुरे. पॅरिस ऑलिंपिक, 4 ऑगस्ट 2024, ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी. 17व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेली 43 मिनिटं भारत दहा जणांत खेळला. आकडेमोड करा: गोली श्रीजेश वगळता मैदानावर नऊ. मेसेजच्या हिशेबाने तीन फॉरवर्ड पुढे उभे ठेवले असते, तर ब्रिटनच्या दहा जणांना रोखायला सहा उरले असते. फॉरवर्ड मागे आले, वाटा बंद करत राहिले. 22व्या मिनिटाला हरमनप्रीतचा गोल, 27व्याला ब्रिटनची बरोबरी, मग शेवटपर्यंत 1-1 आणि शूटआउटमध्ये 4-2. चार दिवसांनी स्पेनला 2-1 हरवून ब्राँझ. ‘स्टार’ फॉरवर्ड पुढे ताटकळत ठेवून हे पदक आलं असतं, असं कुणी कागदावर मांडून दाखवावं.

त्याच स्पर्धेतला एक आकडा मेसेजच्या बाजूने जातो, तोही सांगते. भारताचे एकूण 15 गोल. त्यातले 10 हरमनप्रीतचे, म्हणजे एका फुलबॅकचे, पेनल्टी कॉर्नर आणि स्ट्रोकवर. फॉरवर्डचे चार: अभिषेकचे दोन, मनदीप आणि सुखजीतचा एकेक. पंधरावा विवेक सागरचा, तो मिडफिल्डर. आपल्या फॉरवर्डचे मैदानी गोल कमी पडतात ही तक्रार खरी आहे, आणि ती करायलाच हवी. पण त्याचं खापर डिफेन्सवर फोडणं म्हणजे आजार एक आणि औषध दुसऱ्याच रोगाचं. डीत पहिला टच हलका नसणं, गोलकडे पाठ करून चेंडू घेतल्यावर वळता न येणं, रिव्हर्सचा (स्टिक उलटी करून मारायचा) फटका कमकुवत असणं ही कारणं आधी तपासा. शिवाय ते पेनल्टी कॉर्नर आकाशातून पडत नाहीत. डीत घुसून समोरच्याच्या पायावर चेंडू मारून घेणारा बहुधा फॉरवर्डच असतो.

‘फॉरवर्ड दमतो’ यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. सेंटर फॉरवर्ड दर वेळी स्वतःच्या डीपर्यंत आला तर हिसकावलेला चेंडू द्यायला पुढे कुणी उरत नाही. चेंडू बाहेर मारला जातो, तो पुन्हा अंगावर येतो. म्हणून टीम आपल्या 23 च्या आत दाबली गेली असेल तेव्हा एक जण मधल्या रेषेच्या आसपास ठेवायचा, चेंडू ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला. ऑफसाइड 1998 पासून नियमातूनच गेलंय, त्यामुळे त्या एकाला सांभाळायला त्यांचा एक, कधी दोन जण मागे अडकतात. हा फायदा घ्यायचाच. पण तो एक. तिघं नव्हेत. आणि तो आराम करायला नाही, मान वळवून पाहत, पास कुठून येऊ शकेल तशी जागा बदलत उभा असतो.

दमण्यावरचा खरा उपाय बेंचवर बसलेला असतो. हॉकीत कितीही वेळा खेळाडू बदलता येतात, फक्त पेनल्टी कॉर्नर चालू असताना नाही. पंधरा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये फॉरवर्डने पाच-सहा मिनिटं जीव तोडून खेळायचं, बाहेर यायचं, पाणी प्यायचं, परत जायचं. आपल्याकडे शाळेच्या सामन्यात ‘स्टार’ला बाहेर बोलावलं की पालकांचा पापड मोडतो. चौथ्या क्वार्टरमध्ये पोर चालायला लागतं, आणि मग दोष डिफेन्सला.

मेसेजमधला ‘ध्यानचंद कुठे मागे यायचे?’ हा मुद्दा दोन वाक्यांत. त्यांच्या काळी पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक अशी रचना होती, ऑफसाइड होतं, मैदान गवताचं आणि बदली खेळाडू नव्हते. त्या खेळातून आजच्या टर्फसाठी ‘मागे येऊ नका’ हा धडा काढायचा तर मग पाच फॉरवर्डही खेळवा. धनराज पिल्लेचं नाव तर खडकीचा आपला माणूस म्हणून अशा प्रत्येक मेसेजमध्ये घुसडलेलं असतंच, पुढे युक्तिवाद शून्य.

आता ज्यामुळे खरोखर नुकसान होतं तो मुद्दा. ‘चौदा वर्षांखालच्या मुलांना सांगा, पुढेच उभे राहा. सिलेक्टर गोल मोजतात.’

लहान वयात हे चालतंही, तिथेच घात आहे. बारा वर्षांच्या फुलबॅकला ट्रॅप धड जमत नाही, चेंडू सुटतो, पुढे उभ्या असलेल्या पोराला आयता मिळतो. एका सामन्यात तीन गोल, घरी पेढे. सोळाव्या वर्षी समोरचे फुलबॅक चेंडू सोडत नाहीत. तेव्हा या मुलाला वळण घेत धावता येत नाही, चेंडू गेल्यावर पहिले पाच मीटर उलट धावायची सवय नाही, स्टिक खाली नसते. हे सोळाव्या वर्षी शिकवता येतं, पण अंगात मुरलेलं ‘माझं काम झालं’ काढायला फार वेळ लागतो.

इकडची बरीच मुलं आठवडाभर शाळेच्या मातीवर किंवा तासावर भाड्याने मिळणाऱ्या फुटबॉलच्या बॉक्स टर्फवर खेळतात आणि हॉकीचं टर्फ पाहतात ते चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर. बॉक्समधल्या लांब पात्यांत चेंडू अडकत येतो, त्यामुळे प्रेसला उशिरा निघालं तरी चालून जातं. चर्चगेटला तोच पास भसकन निघून जातो. म्हणून बॉक्सवर सराव करतानाच ‘पास सुटायच्या आधी, फुलबॅकने मान खाली घातली की निघ’ ही सवय लावायची. मातीवर उलटं. चेंडू उसळतो, फुलबॅकचा ट्रॅप हमखास चुकतो, पण तोच चेंडू धावत येणाऱ्याच्या नडगीवर किंवा तोंडावरही येतो. शिनगार्ड आणि माउथगार्डशिवाय प्रेसचा सराव नको.

सराव साधा आहे. 23 मीटरच्या पट्ट्यात चार बचाववाले, तीन फॉरवर्ड. चेंडू बॅकलाइनजवळून सुरू. चौघांनी 23 ची रेष चेंडूसकट ओलांडली तर ते जिंकले. तिघांनी हिसकावून पाच सेकंदांत गोलवर फटका मारला तर ते. एक फेरी दीड मिनिट, मधे तीन मिनिटं विश्रांती, सहा फेऱ्या. सहाव्या फेरीत स्टिक वर यायला लागली की थांबवा, त्यापुढे चुकीचीच सवय लागते.

राहिला शेवटचा मुद्दा: ‘फॉरवर्ड टॅकल करायला गेला की कार्ड मिळतं’. मिळतं, कारण त्याला कुठे टॅकल करायचं नाही हे कुणी शिकवलेलं नसतं. आपल्या 23 च्या आत, डीबाहेर का होईना, मुद्दाम केलेला फाउल म्हणजे पेनल्टी कॉर्नर. मागून पळत येणारा फॉरवर्ड नेमका तिथेच डाव्या बाजूने स्टिक घालतो. चेंडू खेळणाऱ्याच्या उजवीकडे, मधे त्याचे पाय, स्टिक पायावर बसते. म्हणून समोरच्यांच्या अर्ध्यात बिनधास्त टॅकल, आणि आपल्या 23 च्या आत आल्यावर स्टिक घालायचीच नाही. त्याच्या आणि गोलच्या मधे पोचायचं, बरोबरीने धावत त्याला साइडलाइनकडे ढकलत राहायचं, आणि चेंडू त्याच्या स्टिकपासून हातभर सुटला तरच स्टिक लावायची. सुटला नाही तर नाही. तोवर आपला हाफ पोचलेला असतो.