जागा माझी, पैसे माझे आणि भरणारा भलताच

परवा रात्री पावणेदोन वाजता दिवाळी अंकाच्या सातव्या फॉर्मची, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाची, पीडीएफ काढत होते, तेव्हा काम संपत आल्यावर संगणक थांबला आणि डिस्कवर पुरेशी जागा नसल्याची पाटी समोर आली. फोल्डर उघडून पाहिले तर तयार झालेली फाइल शून्य केबीची होती. छापखान्यात प्लेट काढणारा माणूस केवळ माझ्या फाइलीसाठी जागा होता आणि दर पंधरा मिनिटांनी त्याचा फोन येत होता, "ताई, पाठवताय ना? मशीन रिकामं उभं आहे."

हा अंक १९२ पानांचा आहे. त्यातला निव्वळ मजकूर, देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट खाते हे धरूनसुद्धा, दोन एमबीच्या आसपास भरतो. चित्रे, जाहिराती, मुखपृष्ठाच्या चार-पाच आवृत्त्या आणि पानांच्या फाइली असा सगळा संसार धरला तरी तो ९ जीबीच्या वर जात नाही. वर्षभराचे माझे सगळे काम मिळून ४० जीबी होत असेल. मग सी ड्राइव्हवरची बाकीची जागा कोणी गिळली, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला आहे की नाही?

विंडोज या माझ्या संगणकाच्या प्रणालीत स्टोरेजचे पान उघडले की 'इतर' नावाचा एक रकाना दिसतो. माझ्याकडे त्या रकान्यात ६१ जीबी होते. ६१ जीबी म्हणजे काय, तर इतर! घरखर्चाच्या वहीत मी निम्मा पगार 'इतर' म्हणून लिहिला असता तर सासूबाईंनी मला उभे केले असते, आणि इथे मी विकत घेतलेल्या यंत्रात माझ्याच जागेचा हिशेब मला कोणी देत नाही. त्यावर टिचकी मारली तर आणखी काही फोल्डरांची नावे येतात, त्यांत शिरले तर आपल्याला आत जाण्याची परवानगी नाही असे सांगितले जाते. खोदत गेल्यावर कळले की झोपवलेल्या संगणकाची स्मृती साठवण्यासाठी सहा जीबींहून मोठी एक फाइल लपवून ठेवलेली आहे. ती काढायची तर काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आज्ञा टंकावी लागते, कारण तिच्यासाठी साधे बटण द्यावे असे कोणाला वाटले नाही. रॅम कमी पडली तर वापरायची म्हणून आणखी एक फाइल आहे, तिचे आकारमान तीच ठरवते. मागच्या मोठ्या अपडेटपूर्वीची अख्खी जुनी प्रणाली वेगळ्या फोल्डरात दहा दिवस तशीच पडून असते. आणि ज्या फोल्डरात प्रणालीचे सुटे भाग साठतात, त्याचा दिसणारा आकडा खरासुद्धा नसतो, कारण एकच फाइल दोन ठिकाणी दिसते आणि दोनदा मोजली जाते. त्याला हात लावाल तर संगणक सुरूच होणार नाही, असा दम मात्र सगळीकडे लिहिलेला सापडतो.

हे सगळे जिथल्या तिथे ठेवून मला सूचना काय मिळते? तुमचे डाउनलोड्स काढून टाका. माझ्या डाउनलोड्समध्ये जाहिरातदारांची आर्टवर्क आहेत आणि लेखकांनी मेलवर पाठवलेले लेख आहेत, म्हणजे जो अंक मी काढते आहे तोच तिथे आहे. २०१८ च्या अखेरीस विंडोजच्या साफसफाईच्या यादीत डाउनलोड्सचे फोल्डर घालून ठेवले होते, आणि रिकाम्या कचऱ्यासोबत लोकांच्या कामाच्या फाइली गेल्यावर ते पुढे काढून टाकावे लागले. म्हणजे कचरा कोणता आणि ऐवज कोणता हेही विंडोज बनवणाऱ्यांना ओळखता येत नाही.

संगणक घेतला तेव्हा खोक्यावर २५६ जीबी लिहिले होते आणि घरी आणून पाहिले तर २३८. दुकानदार म्हणाला, "ताई, असंच असतं." असेच का असते हे मी स्वतः शोधून काढले. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि प्रणाली १०२४ च्या पटीत. दोन्ही मापांना एकच नाव नसावे म्हणून १९९८ साली गिबिबाइट असा वेगळा शब्दही प्रमाण झाला आहे. तरी पडद्यावर जीबीच लिहितात. भाजीवाल्याने किलोचे असे दोन अर्थ लावले असते तर आपण चालू दिले असते का?

क्लाउडचा राग तर त्याहून जुना आहे. पहिल्याच दिवशी कुठल्याशा पानावर 'पुढे' दाबले आणि माझा डेस्कटॉप परस्पर क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीला, जोडला गेला. तिथली फुकटची जागा ५ जीबी, ती आठवड्यात भरली आणि जास्तीची जागा विकत घ्या म्हणून तगादा सुरू झाला. तिथून मुखपृष्ठाची एक फाइल काढली तर ती डेस्कटॉपवरूनही गेली.

माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवत. फॉर्म छापून झाला की खिळे धुऊन, सुटे करून, ज्याच्या त्याच्या खान्यात परत टाकायचे, हा कामाचाच भाग होता. 'क' कुठल्या खान्यात आहे हे ते डोळे मिटून सांगत. त्यांच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खान्यांच्या पेटीत, रात्रीतून कोणी परके खिळे आणून ओतले नाहीत आणि सकाळी तुमचाच 'क' फेकून द्या असेही सांगितले नाही.

परवा रात्री दोन वाजता मला माझेच काहीतरी फेकावे लागले. बाहेरची डिस्क आधीच काठोकाठ भरलेली होती. सगळ्यांत मोठी फाइल होती ती एका ज्येष्ठ लेखिकेच्या मुलाखतीच्या चित्रीकरणाची, पावणेदोन तासांची, सात जीबीची. मुलाखत शब्दांकित होऊन छापली गेली होती, म्हणून मी मन घट्ट केले. पण बाई गेल्या वर्षी वारल्या आणि चष्मा पुसत हसण्याची त्यांची लकब केवळ त्या फाइलीत होती. डिलीट दाबल्यावर विचारणा झाली, की ही फाइल रिसायकल बिनमध्ये मावत नाही, कायमची काढू का? फोन पुन्हा वाजत होता. मी 'हो' दाबले. आणखी चार जीबी सटरफटर काढून एकूण अकरा जीबी मोकळे केले, सातवा फॉर्म साडेतीनला पाठवला आणि झोपले.

सकाळी आठ वाजता संगणक उघडला तर सी ड्राइव्हवर दोन जीबी शिल्लक होते. जागा नाही म्हणून दारात अडून बसलेले एक मोठे अपडेट मी जागा करताच रात्रीतून आत शिरले होते. मला विचारले नाही, सकाळपर्यंत थांबले नाही, माझ्या कामाला किती जागा लागेल याची चौकशी केली नाही. त्या सात जीबींवर आता ते बसले होते आणि कोपऱ्यात चौकट उघडून मला सांगत होते, की सर्व काही तयार आहे, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. मी तासभर नुसती त्या चौकटीकडे बघत बसले होते. इतका संताप मला माणसांचाही कधी आला नाही. मी त्यांच्यासाठी जागा केली नव्हती. त्या बाईंचे हसणे मी अंकासाठी पुसले होते, आणि ते गेले कोणासाठी?

दहा दिवसांनी जुनी प्रणाली आपोआप निघेल आणि जागा परत मिळेल, असे भाच्याने फोनवर समजावले. दहा दिवसांनी अंक बाजारात हवा आहे! आठव्यापासून बाराव्यापर्यंतचे पाच फॉर्म अजून जायचे आहेत, जागा दाखवणारी पट्टी पुन्हा लाल झाली आहे आणि प्लेटवाल्याचा फोन पुन्हा सुरू झाला आहे. आज संध्याकाळपासून या संगणकाची इंटरनेटची वायर मी काढून ठेवली आहे, ती शेवटची प्लेट लागेपर्यंत परत लावणार नाही, आणि पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन रिक्षाने छापखान्यात नेणार आहे.