शेततळ्यात पाचट कुजवून झिंगे पोसले जात नाहीत

उसाचं पाचट शेततळ्यात ढकला, ते कुजलं की झिंग्यांना विकतचं खाद्य लागत नाही. पाणी काळं पडून वास सुटला की खाद्य तयार झालं समजा. आणि बी, म्हणजे तळ्यात सोडायचे लहान झिंगे, एकदाच आणा, पुढे झिंगे तळ्यातच वाढत जातात. असं सांगणारा व्हिडिओ आपल्या सोलापूरकडच्या शेतकरी ग्रुपांवर फिरतोय. करमाळ्याच्या माझ्या मावसभावाने तो बघून पाचटाच्या ट्रॉल्या तळ्यावर आणून ठेवल्या, म्हणून हे लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक आहे ते काळं पाणी. पाचट कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. रात्री शेवाळही तोच वापरतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्यात आपला उन्हाळा. पाणी जितकं तापेल तितका प्राणवायू कमी विरघळतो. झिंगा तळाशी राहतो आणि पाचटही तळाशीच बसतं. तिथला प्राणवायू संपला की सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो विषारी आहे! जागतिक अन्न व कृषी संघटनेची गोड्या पाण्यातल्या झिंग्यांवरची २००२ ची पुस्तिका लिटरमागे ३ ते ७ मिलिग्रॅम प्राणवायू सांगते. २ वर आला की झिंग्यावर ताण येतो, १ वर तो मरतो. ज्या वासाला व्हिडिओत खाद्य म्हटलंय, तो वास आला म्हणजे तळ्यातला माल हातचा जायला लागला.

बी एकदाच आणायचं, हे साफ खोटं. शेततळ्यात पाळतात त्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याच्या, म्हणजे जंबो झिंग्याच्या, पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे मचूळ पाणी लागतं, लिटरमागे साधारण १२ ग्रॅम क्षारांचं. उजनीच्या गोड्या पाण्यात ती थोड्याच दिवसांत मरतात. बी दर खेपेला हॅचरीतूनच, म्हणजे बी तयार करणाऱ्या केंद्रातूनच, आणावं लागतं.

आता खाद्य. झिंगा कुजका पालापाचोळा खातो, एवढं खरं आहे. पण त्याला पोसतो तो मुख्यतः पानावर चढलेला जिवाणू-शेवाळाचा थर. उसाच्या चिपाडावर असा थर धरून माशांची वाढ सुधारते, हे मंगळूरला कार्प माशांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मात्र नुसत्या पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का. नत्रावरून प्रथिनं काढायला त्याला सव्वासहाने गुणतात, ती येतात तीन टक्के. झिंग्याच्या खाद्यात ती तीस टक्क्यांच्या आसपास असतात. पोट भरलं नाही की झिंगे कात टाकलेल्या, मऊ पडलेल्या झिंग्यांना खातात. ते मेलेले वर तरंगतही नाहीत. नुकसान कळतं ते थेट जाळं ओढल्यावर.

पाचट वापरायचंच असेल तर थोड्या पेंढ्या बांधून पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. पहाटे प्राणवायू मोजा. तो घसरताना दिसला तर पेंढ्या लगेच बाहेर काढा. खाद्य चालूच ठेवा, आणि पाण्यात सोडलेल्या खाद्याच्या ट्रेमध्ये ते उरायला लागलं तरच कमी करा.