खलनायक शुक्रवारपर्यंत जमा करावा

नव्याने रुजू झालेल्या इतिहासाच्या शिक्षकांनो, आणि घरात सातवी-आठवीतलं मूल असल्यामुळे ज्यांना दरवर्षी स्वतःच प्रकल्प करावा लागतो अशा पालकांनो,

यंदाच्या आकारिक मूल्यमापनासाठी ‘इतिहासातील नायक आणि खलनायक’ हा विषय द्यावा असं तुमच्या मनात आलं असेल, तर आधी अभिनंदन. विषय सोन्यासारखा आहे. मुलांना आवडतो, पालकांना तोंडपाठ असतो आणि तपासायला तर इतका सोपा की मुखपृष्ठ पाहून गुण देता येतात. पत्रकात ‘संशोधन’ हा शब्द मात्र घाला, संस्थाचालकांना बरं वाटतं. शब्द घालायचा, इतकंच. पुढचं कुणी मागत नाही.

सर्वांत महत्त्वाचं पथ्य आधी सांगतो. निकाल पहिल्या दिवशी लावायचा. पुरावा मागाहून, वहीत जागा उरली तर. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे नायक, उजवीकडे खलनायक, आणि मुलांना नावं वाटून टाका. ही रेघ खडूने न मारता ऑइलपेंटने मारलीत तर उत्तम. एकदा बसवलेलं माणूस पुन्हा उठता कामा नये.

उदाहरणादाखल नारायणराव पेशव्यांचा खून घ्या. शाळेच्या दृष्टीने इतकं सोयीचं प्रकरण मराठ्यांच्या इतिहासात दुसरं नाही. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, भर दुपारचा शनिवारवाडा, १८ वर्षांचा पेशवा, पगार थकल्याचं निमित्त करून घुसलेले गारदी म्हणजे भाडोत्री शिपाई, त्यांच्या पुढे सुमेरसिंग, आणि ‘काका, मला वाचवा!’. यातला खलनायक कोण हे विचारायचीसुद्धा गरज नाही. काकांची बायको आनंदीबाई. तिने गारद्यांना जायच्या पत्रातल्या ‘धरावे’मधल्या ‘ध’चा ‘मा’ केला, ‘मारावे’ झालं, विषय संपला. काका म्हणजे राघोबादादा स्वतः तिथेच होते, नजरकैदेत होते, पुतण्या मेल्यावर गादी त्यांनाच हवी होती, या सगळ्या गोष्टी फारशा उगाळू नका. एका प्रकल्पात एकच खलनायक बसतो. शिवाय बायकांसाठी आपल्या इतिहासात मुळात दोनच जागा आहेत, एक वीरमातेची आणि दुसरी कारस्थानी बाईची. पहिली भरलेली आहे.

आता वर्गात एखादी मुलगी असतेच, बहुधा तिसऱ्या बाकावर, चष्मेवाली. ती हात वर करून विचारेल, “सर, ते पत्र कुठे आहे?”

इथे डगमगू नका. खाडाखोड केलेला तो कागद अभ्यासकांच्या हाती नाही, ही माहिती शिक्षकांच्या खोलीबाहेर जाऊ देऊ नये. त्याऐवजी पत्र बनवायला सांगा. पद्धत सर्वांना ठाऊक आहे: कोरा कागद चहाच्या पाण्यात बुडवून गॅलरीत वाळवायचा, आईच्या देखरेखीखाली त्याच्या कडा काडीने जाळायच्या, मग निळ्या बॉलपेनने ‘नारायणरावांस धरावे’ असं लिहून ‘ध’वर काट मारायची आणि वर लाल पेनने ‘मा’ काढायचा. पेशवाईत असे कागद मोडीत लिहीत, पण मोडी वाचणार कोण? आपलं देवनागरी बरं. पुरावा नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आमचं प्रदर्शन येऊन पाहावं. एका वर्गात पत्राच्या चाळीस अस्सल प्रती आहेत, आणि प्रत्येकीला चहाचा वास येतो.

नायक म्हणून पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे निवडायला हरकत नाही. नाव छान आहे, पगडी छान काढता येते. मात्र त्यांचं फक्त शेवटचं वाक्य घ्या: ‘या पापाला देहांत प्रायश्चित्तच.’ त्याआधी त्यांनी रीतसर चौकशी केली, कोण कुठे होतं, कुणी काय केलं याचा माग काढला आणि मगच राघोबांच्या तोंडावर दोष ठेवला, हा मधला कंटाळवाणा भाग गाळून टाका. नाहीतर मुलांचा असा समज व्हायचा की आधी चौकशी करायची असते आणि मग निकाल द्यायचा असतो. एकदा ही सवय लागली की पुढे ती व्हॉट्सॲप ग्रुपवरही टिकत नाहीत आणि सोसायटीच्या मीटिंगमध्येही.

राघोबादादांची थोडी अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरात शिरल्या, अटकेपर्यंत गेल्या, त्या याच माणसाच्या सरदारकीखाली. आपण सगळे ऊठसूट ‘अटकेपार झेंडे’ म्हणतो ते झेंडे यांचेच. आणि १७७५ मध्ये पेशवेपदासाठी इंग्रजांशी सुरतेला तह करून साष्टी आणि वसई द्यायला निघाले तेही हेच. यावर उपाय म्हणजे दोन वेगळे तक्ते आणि दोन वेगळ्या भिंती. अटकेचे ‘राघोभरारी’ खिडकीच्या बाजूला, खुनातले ‘राघोबा’ दाराच्या बाजूला. दोघे एकच, हे मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. पालकांच्याही येत नाही. आलंच तर ‘तो काळच तसा होता’ असं म्हणून पुढच्या तक्त्याकडे सरका.

नाना फडणवीस कोणत्या बाजूला? हा प्रश्न मला नवे शिक्षक फार विचारतात. अहो, हा इतिहासाचा प्रश्नच नाही, तुमच्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा आहे. संस्थापकांची तसबीर कार्यालयात लावलेली असते, ती नीट पाहा, गावच्या चौकात पुतळा कोणाचा आहे ते पाहा, आणि मग नानांना बसवा. नारायणरावांच्या चाळीस दिवसांच्या मुलाला, सवाई माधवरावाला, पेशवेपदाची वस्त्रं देऊन बारभाईंनी, म्हणजे नाना आणि इतर कारभाऱ्यांच्या गटाने, कारभार चालवला, हे वाक्य दोन्ही बाजूंना चालतं. डावीकडे त्याला ‘मुत्सद्देगिरी’ म्हणतात, उजवीकडे ‘पाताळयंत्री कारस्थान’. त्याच नियमाने डावीकडच्या माणसाने अचानक हल्ला केला तर गनिमी कावा, उजवीकडच्याने केला तर दगाफटका. ही विशेषणांची यादी झेरॉक्स करून वर्गात वाटून टाका, भाषेच्या बाईंचंही काम हलकं होईल.

चाफाजी टिळेकर हे नाव सहसा कुणी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. धन्याला वाचवायला अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबर मारला गेला तो नोकर. नायकाचे सगळे गुण, पण नेटवर त्याचं चित्र मिळत नाही. चित्राला गुण आहेत.

आणि आता ऑइलपेंटकडे. छत्रपती संभाजी महाराजांची गोष्ट मुलांसमोर चुकूनही येऊ देऊ नका. म्हणजे महाराज येऊ द्या, ते आता डाव्या बाजूला पक्के आहेत आणि असायलाच हवेत. ते उजवीकडून डावीकडे कसे आले, तेवढं येऊ देऊ नका. कारण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत बखरी आणि रंगभूमी मिळून त्यांना व्यसनी, उतावळा, बापाचं राज्य घालवणारा मुलगा म्हणून रंगवत होती, आणि थिएटरात टाळ्या पडत होत्या. मग वासुदेव सीताराम बेंद्रे नावाचे एक गृहस्थ सुमारे चाळीस वर्षं कागद चाळत बसले आणि १९६० साली त्यांनी संभाजी महाराजांचं चरित्र बाहेर काढलं. त्यातून जो माणूस उभा राहिला तो लढणारा, कारभार पाहणारा, संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा होता.

यातलं सगळ्यांत धोक्याचं काय, तर बेंद्र्यांच्या मार्गाने जाणारा माणूस एक साधा प्रश्न विचारतो: हे लिहिणारा कोण? मल्हार रामराव चिटणिसांची बखर लिहिली गेली ती संभाजी महाराजांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. आणि लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१ मध्ये देहदंड झाला होता, तो संभाजी महाराजांच्याच हुकमाने. हे एकदा तिसऱ्या बाकावर कळलं की ती मुलगी पाठ्यपुस्तक बघेल, मग मालिका बघेल, मग तुमच्याकडे बघेल, आणि प्रत्येकाला तेच विचारेल. चाळीस वर्षं लावणाऱ्या माणसाचा आदर्श ठेवून आपलं भागत नाही. आपली मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

(एक समाधानाची गोष्ट सांगून ठेवतो. बेंद्र्यांनी बाजू बदलून दिली, पण आपली पद्धत त्यांना बदलता आली नाही. पूर्वी लोक न वाचता बोटं मोडत, आता न वाचता जयजयकार करतात. बेंद्र्यांचं पुस्तक दोन्ही वेळा कपाटातच.)

कपाटावरून आठवलं, संदर्भग्रंथांचा बाऊ करू नका. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापून घेतले, राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, पुण्यात दफ्तरातले मोडी कागद अजून गठ्ठ्यांनी पडून आहेत. असतील. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात त्यातलं एखादं पुस्तक असलंच तर ते काचेच्या कपाटात असेल, कपाटाला कुलूप असेल, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते क्लार्क मतदार याद्यांच्या कामावर असतील. तेव्हा वहीच्या शेवटी ‘संदर्भ: गूगल, आजोबा, मोबाइल’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ. हल्ली तर मोबाइलला नुसतं विचारलं की तो दीडशे शब्दांत सगळं लिहून देतो, तेही अशा ठामपणे की जणू त्या दुपारी तो स्वतः वाड्यात होता.

चित्रांबाबत थोडं. नायकाचं चित्र म्हणजे मालिकेत त्याचं काम करणाऱ्या नटाचा फोटो, हे आता सर्वमान्य आहे. चॅनेलचा लोगो दिसत असेल तर त्यावर चमकी लावावी. खाली विकत चित्र देणाऱ्या वेबसाइटचं इंग्रजी नाव नानांच्या पगडीवरून तिरकं गेलेलं असलं तरी चालेल, परीक्षक चष्मा लावत नाहीत. फक्त याच बेंद्र्यांनी शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र शोधून काढलं आणि त्याआधी महाराजांचं म्हणून भलतंच चित्र चालत होतं, हा किस्सा चित्रकलेच्या सरांना सांगू नका, ते हळवे आहेत.

लेखनाला फार वेळ जात नाही. सुरुवात ‘महाराष्ट्र ही शूरवीरांची भूमी आहे’ने करायची, शेवट ‘अशा या थोर विभूतीस माझा मानाचा मुजरा’ने. खलनायक असेल तर शेवट ‘म्हणून आपण फितुरीपासून सावध राहिले पाहिजे’. मधे सूर्याजी पिसाळ एकदा यायला हवा. त्याच्याबद्दल नक्की काय ठाऊक आहे याची फिकीर नको, प्रत्येक निवडणुकीत एक पक्ष दुसऱ्याला त्याचं नाव देतो, तेवढी ओळख पुरे. ‘असे म्हणतात’, ‘एका बखरीनुसार’, ‘याविषयी एकमत नाही’ असली वाक्यं दिसली तर लाल पेनने काटा. त्याने ओघ तुटतो. आणि मधल्या सुट्टीत खिचडीच्या नोंदी लिहिताना अशी वाक्यं वाचायला कुणाला वेळ आहे?

ती तिसऱ्या बाकावरची मुलगी मात्र ऐकणार नाही, हे आधीच समजून असा. तिच्या वहीत चमकी नसेल. शेवटच्या पानावर तिने लिहिलेलं असेल, “पत्र सापडलेलं नाही. म्हणून आनंदीबाईंनी नक्की काय केलं हे मला सांगता येत नाही. राघोबादादांबद्दल रामशास्त्र्यांनी काय ठरवलं ते सांगता येतं.” तिला दहापैकी चार गुण द्या आणि ‘निष्कर्ष अपूर्ण, सजावट कमी’ असा शेरा मारा. आई भेटायला आलीच तर मुलगी हुशार आहे पण बोर्डाच्या परीक्षेत असलं काही विचारत नाहीत, हे तिच्या भल्यासाठीच सांगतोय अशा आवाजात सांगा.

मुलगी दुखावली जाऊ नये म्हणून स्नेहसंमेलनात तिला आनंदीबाईंचं काम द्या. तिचा आवाज खणखणीत आहे, मागच्या रांगेपर्यंत जाईल. पत्र चहात बुडवायचं कामही तिच्याकडेच सोपवा आणि दोन प्रती करायला सांगा: एक रंगमंचावर खाडाखोड करायला, दुसरी प्रदर्शनात काचेखाली ‘मूळ पत्र’ म्हणून ठेवायला.